आधीं प्रश्न, मग रक्त

पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हां पवनेच्या कांठचा हा प्रदेश शेतीवाडीचा व मोरया गोसावींच्या चिंचवडचा म्हणूनच लोकांस ठाऊक होता. आज तेथून चाकणपर्यंत कारखान्यांची ओळ लागली आहे. आणि त्या कारखान्यांत व कचेऱ्यांत पुरुषांप्रमाणेंच घरोघरच्या लेकी-सुनाहि इंजिनियर, हिशेबनीस, तपासनीस म्हणून कामावर जातात. सकाळीं लवकर कंपनीची बस धरावयाची व संध्याकाळीं नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या रांगेंत वेळ घालवून घरीं यावयाचें, अशा दिनक्रमांत स्वतःच्या प्रकृतीसाठीं दवाखान्यांत दोन तास बसून राहणें या स्त्रियांस जमत नाहीं. म्हणून मोबाईलवर मागणी नोंदवावी, दुसऱ्या दिवशीं सकाळीं रक्त घेणारा मनुष्य घरीं यावा आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट हातीं पडावा, ही सोय निगडी-प्राधिकरणापासून चाकणपर्यंत रूढ झाली, यांत नवल नाहीं.

ही सोय वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. घरांतील वृद्धांस व बाळंतिणीस तर ती वरदानच आहे. परंतु ‘स्त्री-आरोग्य’, ‘हॉर्मोन-संतुलन’ अशा आकर्षक नांवांनीं जीं पॅकेजें आज थेट गिऱ्हाइकांस विकलीं जातात, त्यांच्या व्यवहारांत एक गोष्ट नवी आहे. तेथें मध्यें डॉक्टर नसतो. चाचणी निवडणारी, पैसे भरणारी व रिपोर्ट वाचणारी व्यक्ति एकच; आणि ती बहुधा घाबरलेली असते. जें निवडीचें काम पूर्वीं घरचा डॉक्टर करीत असे, तें आतां घरानें करावयाचें आहे. तें नीट कसें करावें, एवढ्याचाच विचार आम्हीं या लेखांत करूं इच्छितों.

शरीरांतील ग्रंथी रक्तांत जे स्राव सोडतात, त्यांस ‘हॉर्मोन’ हें नांव इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं दिलें. नांव मिळालें, तरी हे स्राव अचूक मोजण्याची सोय होण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. कारण रक्तांत त्यांचें प्रमाण अत्यंत सूक्ष्म असतें. न्यूयॉर्क येथील रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्यानें रक्तांतील इन्शुलिन मोजण्याची रीत बसविली. त्या कामाबद्दल यॅलोबाईंस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन १९७२ सालींच निवर्तले होते. आजच्या यंत्रांतून किरणोत्सर्गी द्रव्य बहुतेक गेलें आहे, पण मूळ कल्पना त्यांचीच. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रांत काम केलेले व थायरॉईडचा अभ्यास केलेले आरोकियास्वामी वेलुमणी यांनीं १९९६ सालीं मुंबईंत ‘थायरोकेअर’ ही संस्था काढली. गांवोगांवीं महागडीं यंत्रें न बसवितां ठिकठिकाणचीं सँपलें एका मध्यवर्ती प्रयोगशाळेंत आणून तपासावयाचीं, हा तिच्या धंद्याचा गाभा. आजच्या कित्येक घरपोंच सेवांची मांडणी याच धर्तीची आहे. मोबाईलवर पैसे घेणारी पेढी एक, रक्त घेणारा मनुष्य दुसऱ्याचा व रक्त तपासणारी प्रयोगशाळा तिसरीच, असेंहि असूं शकतें. म्हणून सेवा निवडतांना आपण नेमकें कोणास निवडीत आहों, हें आधीं पाहिलें पाहिजे.

तें न पाहिल्यास काय होतें, याचा धडा अमेरिकेनें घेतला आहे. एलिझाबेथ होम्स यांनीं २००३ सालीं काढलेली ‘थेरॅनॉस’ ही कंपनी बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तांत नाना प्रकारच्या चाचण्या करण्याचा दावा करीत असे. तिच्या संचालकांत माजी परराष्ट्रमंत्र्यांसारखीं मोठमोठीं माणसें होतीं. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून कोणासहि रक्त तपासून घेतां यावें, असा कायदा ॲरिझोना राज्यानें २०१५ सालीं केला, त्याच्या पाठीशींहि हीच कंपनी होती. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे जॉन कॅरीरू यांनीं तिच्या यंत्राचें पितळ उघडें पाडलें. २०१८ सालीं कंपनी बुडाली, आणि २०२२ सालीं होम्स यांस गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवून अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. मोठीं नांवें, सुबक जाहिरात व गिऱ्हाइकाची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र असूनहि रक्ताचा आंकडा खोटा असूं शकतो, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आमच्या मतें पॅकेज निवडण्यापूर्वीं घरानें एक प्रश्न कागदावर लिहून काढावा: ‘ही चाचणी आपण कशासाठीं करीत आहों, आणि आंकडा असा आला अथवा तसा आला, तर आपण निराळें काय करणार आहों?’ या प्रश्नास उत्तर नसेल, तर ती चाचणी करूं नये. उत्तर असेल, तर बहुधा दोन-तीन चाचण्यांनींच काम भागतें. साठ-सत्तर चाचण्यांचें पॅकेज लागत नाहीं.

उदाहरणें घेऊं. थकवा, वजन वाढणें, केस गळणें, थंडी सोसेनाशी होणें, अशा तक्रारी असतील, तर प्रथम थायरॉईडसाठीं टी.एस.एच. ही एकच चाचणी पुष्कळ सांगून जाते. ती बिघडलेली दिसली, तर पुढें टी-४ पाहावयाचें. हा विकार आपल्याकडे दुर्मिळ नव्हे. मुंबई व गोवा धरून आठ ठिकाणीं झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत सुमारें दहांतील एका प्रौढ व्यक्तीस थायरॉईडचा स्राव कमी असल्याचें आढळलें. मात्र थकव्याचें कारण रक्ताची कमतरताहि असूं शकतें, तेव्हां टी.एस.एच.बरोबर हिमोग्लोबिन पाहणें हें महागड्या हॉर्मोन-पॅकेजापेक्षां शहाणपणाचें.

पाळी चुकली, तर विवाहित स्त्रीनें सर्वांत आधीं गर्भधारणेची साधी चाचणी करावी, मग बाकीचें. पाळी वारंवार लांबते, चेहऱ्यावर केस किंवा मुरमें वाढतात, अशा तरुणीच्या बाबतींत हल्लीं ‘पी.सी.ओ.एस.’ हा शब्द घरोघर ऐकूं येतो. या विकाराचें निदान कोणत्याहि एका आंकड्यावर होत नाहीं. २००३ सालीं रॉटरडॅम येथें ठरलेल्या कसोट्यांनुसार पाळीची अनियमितता, पुरुषी हॉर्मोनांचा अतिरेक व सोनोग्राफींत दिसणारी बीजकोशांची विशिष्ट रचना, या तिहींपैकीं दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि थायरॉईड व प्रोलॅक्टिन यांचे विकार नाहींत याची खात्री करावी लागते. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानें प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजीं ए.एम.एच. ही रक्तचाचणी चालेल असें म्हटलें, परंतु किशोरवयीन मुलींत या दोहोंपैकीं एकहि वापरूं नये असें स्पष्ट सांगितलें. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची पाळी अद्यापि बसली नाहीं म्हणून घाबरून तिच्या नांवें हॉर्मोन-पॅकेज मागविणाऱ्या मातांनीं थोडें थांबून स्त्रीरोगतज्ज्ञांस विचारावें, हेंच बरें.

पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीस अंगांत एकाएकी उष्णतेच्या लाटा येऊं लागल्या, झोंप उडाली, पाळी मागेंपुढें होऊं लागली, तर तो रजोनिवृत्तीचा काळ होय, हें लक्षणांवरूनच ओळखावें, त्यासाठीं एफ.एस.एच. तपासूं नये, असा ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य-संस्थेचा २०१५ पासूनचा सल्ला आहे. कारण या वयांत तो आंकडा आज एक, तर महिन्यानें दुसराच असतो. याउलट चाळिशीच्या आंतच पाळी थांबली, तर ही चाचणी अगत्याची. पण ती डॉक्टरच्या देखरेखीखालीं. आणि पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर कोणत्याहि ॲपची वाट न पाहतां तत्काळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावें. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयासारखें महापालिकेचें मोठें रुग्णालय ज्या शहरांत आहे, तेथें खर्चाच्या भीतीनें हें काम लांबणीवर टाकण्याचें कारण नाहीं.

‘पण जास्त चाचण्या केल्या, तर बिघडतें कोठें?’ असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. रिपोर्टांत शेजारीं जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती बहुधा शंभर निरोगी माणसांपैकीं पंचाण्णवांचे आंकडे ज्या टप्प्यांत पडतात, तो टप्पा होय. म्हणजे ठणठणीत निरोगी माणसांतहि दर वीस चाचण्यांमागें एक मर्यादेबाहेर जाणार, हें गणितानेंच ठरलेलें आहे. परस्परांशीं संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी बाईच्या केल्या, तर त्यांपैकीं निदान एक तरी लाल अक्षरांत छापली जाण्याचा संभव शेंकडा ६४ इतका येतो. त्या एका लाल अक्षरापायीं पुन्हां तपासणी, सोनोग्राफी, औषधांच्या बाटल्या व रात्रींची झोंप जाणें, ही परंपरा सुरू होते. पॅकेज स्वस्त असतें, पण त्यानें मागें लावलेली काळजी स्वस्त नसते.

या साऱ्यांत ए.एम.एच. या चाचणीविषयीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे. कारण तिचा संबंध केवळ प्रकृतीशीं नसून घराच्या शांततेशीं आहे. बीजकोशांत अंदाजें किती बीजें शिल्लक आहेत, याची सूचना या आंकड्यावरून मिळते. वंध्यत्वाचा उपचार चालूं असतां औषधाची मात्रा ठरविण्यास तो डॉक्टरांच्या उपयोगी पडतो. परंतु तो कमी आला, म्हणजे मूल होणार नाहीं, असा अर्थ मुळींच नव्हे. अमेरिकेंत ३० ते ४४ वर्षें वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ज्यांचा आंकडा कमी होता, त्यांस दिवस राहण्याचें प्रमाण इतरांहून कमी आढळलें नाहीं. त्या देशांतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानें २०१९ सालीं, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रीस या आंकड्यावरून सल्ला देऊं नये, असें जाहीर केलें. असें असतां जाहिराती मात्र ‘आपली प्रजननक्षमता जाणून घ्या’ म्हणून हीच चाचणी पुढें करतात.

एकत्र कुटुंबांत असा आंकडा आला, म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. लग्नाला दोन-तीन वर्षें झालीं असतात, घरांतील वडील मंडळी तोंडानें कांहीं बोलत नसली तरी मनांत मोजीत असतात, आणि अशा वेळीं सुनेच्या नांवापुढें एक लाल आंकडा छापून येतो. तो कागद दुखण्याचा न राहतां आरोपाचा होतो. वस्तुतः ज्या जोडप्यांस मूल होण्यास अडचण येते, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटें अथवा दुसऱ्या कारणासोबत असतें. आणि वीर्यतपासणी ही सुईदेखील न टोंचतां होणारी चाचणी आहे. म्हणून मुलासाठीं तपासणी करावयाची असेल, तर ती दोघांचीहि, एकाच वेळीं व डॉक्टरच्या सल्ल्यानें करावी. एकट्या सुनेचें रक्त पाठवूं नये. आणि विवाह जमवितांना पत्रिकेच्या जोडीला ए.एम.एच.चा आंकडा मागण्याची वेळ तर कोणत्याहि सुशिक्षित घरानें आणूं नये.

चाचणी ठरली, म्हणजे मग सेवा निवडावी. पहिली गोष्ट, रक्त कोणत्या प्रयोगशाळेंत तपासलें जाणार, तिचें नांव विचारावें व तिला ‘एन.ए.बी.एल.’ची मान्यता आहे कीं नाहीं तें पाहावें. ही संस्था भारतीय गुणवत्ता परिषदेची घटक असून आय.एस.ओ. १५१८९ या मानकाप्रमाणें वैद्यकीय प्रयोगशाळांस पारखते. ही मान्यता ऐच्छिक आहे, आणि ती सरसकट नसून चाचणीगणिक असते. म्हणून आपणांस हवी ती चाचणी त्या यादींत आहे कीं नाहीं, तें संस्थेच्या संकेतस्थळावर पाहतां येतें. दुसरी गोष्ट, रिपोर्टावर सही कोणाची आहे? पॅथॉलॉजींत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही रिपोर्टावर हवी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें कायम केला. तिसरी गोष्ट रीतीची. स्त्रीच्या रक्तांत टेस्टोस्टेरोन इतकें अल्प असतें कीं नेहमींच्या यंत्रांनीं तें नीट मोजलें जात नाहीं. तेथें मास स्पेक्ट्रोमेट्री ही अधिक अचूक रीत लागते. प्रयोगशाळेस ती विचारावी. उत्तर देण्याची टाळाटाळ होत असेल, तर तेंहि एक उत्तरच समजावें.

चौथी गोष्ट आमच्या औद्योगिक पट्ट्यास विशेष लागू आहे. चाकणला वा मोशीला सकाळीं घेतलेली नळी स्कूटरवरील डब्यांतून किती वेळानें केंद्रावर पोंचते व तेथें रक्तांतील द्रव केव्हां वेगळा काढला जातो, हें विचारावें. हॉर्मोनें पुष्कळशीं टिकाऊ असतात. परंतु पॅकेजांत साखर असेल, तर साध्या नळींत तसेंच ठेवलेल्या रक्तांतील साखर दर तासास शेंकडा पांच ते सात कमी होत जाते. साखरेसाठीं राखी बुचाची नळी वापरतात ती याकरितांच. उन्हाळ्यांत डब्यांत बर्फाच्या पिशव्या आहेत कीं नाहींत, हें दाराशींच पाहावें. त्यांत संकोच कसला?

पांचवी गोष्ट वेळेची. एफ.एस.एच. सामान्यतः पाळीच्या दुसऱ्या ते पांचव्या दिवसांत, तर बीज सुटलें कीं नाहीं हें सांगणारें प्रोजेस्टेरोन पुढील पाळीच्या सुमारें सात दिवस आधीं पाहतात. जी सेवा पाळीची तारीख न विचारतांच दोन्ही एकाच सकाळीं तपासून देते, तिला विषयाचें ज्ञान कमी अथवा विक्रीची घाई अधिक, असें खुशाल समजावें. संततिनियमनाच्या गोळ्या चालूं असतां या आंकड्यांस फारसा अर्थ राहत नाहीं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या स्त्रीनें त्या दिवशींची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, आणि मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं तपासावें. केसांसाठीं व नखांसाठीं घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या तर कांहीं यंत्रांस सरळ फसवितात: टी.एस.एच. खोटा कमी दिसतो व थायरॉईड वाढल्याचा भास होतो. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें याबद्दल २०१७ सालीं इशारा दिला. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यावें आणि केस कां गळतात म्हणून रक्त तपासावें, असें एकाच घरांत सहज घडतें. म्हणून चालूं असलेलें प्रत्येक औषध आधीं सांगून, तें किती दिवस थांबवावें हें विचारून घ्यावें.

रात्रपाळी करणाऱ्या भगिनींनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. टी.एस.एच., प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल हे स्राव झोंपेच्या व जागरणाच्या वेळांप्रमाणें चढत-उतरत असतात. रात्रभर काम करून आल्याबरोबर सकाळीं सातला घेतलेलें रक्त हें ‘सकाळचें’ रक्त नव्हे. शक्य तर सुटीच्या आठवड्यांत, नीट झोंप झाल्यावर तपासावें. निदान डॉक्टरांस पाळीची वेळ सांगावी. दुसऱ्या वेळीं तीच चाचणी करावयाची, तर ती त्याच प्रयोगशाळेंत, त्याच सुमारास करावी, म्हणजे दोन आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येतात.

शेवटची गोष्ट रिपोर्टाची. कित्येक घरांत मागणी घरांतील पुरुषाच्या मोबाईलवरून होते, आणि मग सुनेचा अथवा मुलीचा रिपोर्ट तिच्या आधीं घरभर वाचला जातो. हें अयोग्य आहे. जिचें रक्त, तिचा रिपोर्ट. तो तिच्याच मोबाईलवर यावा व कोणास दाखवावयाचा हें तिनें ठरवावें. व्यक्तीची खासगी माहिती तिच्या संमतीवांचून वापरूं नये, अशा धोरणाचा कायदा आपल्या देशांत २०२३ सालीं झाला. पेढीनें तो पाळावा अशी अपेक्षा करणाऱ्या घरानें स्वतःहि त्याचें मर्म पाळावें. तसेंच रिपोर्टासोबत जी पेढी ‘मोफत सल्ला’ देऊन लगेच आपल्याच गोळ्या विकूं लागते, तिचा सल्ला मोफत नसतो. सल्ला अशा डॉक्टरचा घ्यावा, ज्यास त्या आंकड्यावर कांहीं विकावयाचें नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस आमची एक विनंति आहे. पाळी, थकवा, रात्रींचा घाम, गर्भपाताचें दुःख हे विषय आपल्या घरांत वर्षानुवर्षें दबक्या आवाजांत बोलले गेले. आजची सून गुपचूप ॲपवर रक्त तपासून घेते, तें पुष्कळदां विचारावयास घरांत कोणी नाहीं म्हणून. तिला ‘तुला काय होतें आहे, बाळ?’ असें कोणी आधीं विचारलें, तर निम्म्या चाचण्या अनावश्यक ठरतील, आणि ज्या खरोखर लागतील त्या योग्य वेळीं, योग्य ठिकाणीं होतील. चांगली प्रयोगशाळा अचूक आंकडा देईल. त्या आंकड्यामागची बाई मात्र घरानेंच पाहावयाची आहे.